पॅनकेक वातड होतात, आतून ओले राहतात. काय चुकतंय?

रविवारसकाळ
रविवार, सकाळी ११:१०

मंडळी, जरा मदत हवीय. गेले चार महिने जवळजवळ दर रविवारी पॅनकेक करतेय कारण मुलाला फार आवडतात, पण अजून एकदाही मनासारखे जमलेले नाहीत. मला हवेत ते जाडसर, मऊ, काटा टेकवला की तुटणारे आणि वरून सगळीकडे सारखे तांबूस. होतात ते असे की पहिला ठिकठिकाणी काळा, पुढच्यांचा रंग बरा येतो पण मधोमध ओले राहतात, आणि पाच-दहा मिनिटं गेली की वातड. आज मुलगा काही न बोलता कडेकडेचं खाऊन उठला, मला खूप वाईट वाटलं.

माझं प्रमाण सांगते. मैदा १ कप, दूध १ कप, अंडं १, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, साखर २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, वितळलेलं बटर २ मोठे चमचे. सगळं एका भांड्यात घालून हॅन्ड ब्लेंडरने फिरवते, एकही गुठळी राहत नाही. पॅन नॉनस्टिक आहे, मोठ्या आचेवर चांगला तापवते, बटर घालते आणि पळीने बॅटर ओतते. रेसिपी पाच-सहा बदलून झाल्या, फरक शून्य. नक्की कुठे चुकतंय?

घाईत_असते
रविवार, सकाळी ११:३२

पाव चमचा खायचा सोडा घाल वरून. मी कायम घालते, मस्त फुगतात.

बेकघर
रविवार, दुपारी १२:०५

तुझं प्रमाण ठीक आहे गं, थोडं इकडेतिकडे करता येईल पण त्याने पॅनकेक वातड होत नाहीत. हॅन्ड ब्लेंडरने होतात. ‘एकही गुठळी राहत नाही’ हे वाक्य वाचलं आणि तिथेच थांबले मी.

मैद्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात, त्यांना पाणी मिळालं आणि वरून घोटलं की दोघं मिळून ग्लुटेनची जाळी विणतात. पावाला ती हवी असते, म्हणून तर पावाचं पीठ आपण मळ मळ मळतो. पॅनकेकला ती अगदी थोडी पुरते, वायू धरून ठेवण्यापुरती. ब्लेंडरने दोन मिनिटं फिरवलंस की जाळी इतकी घट्ट होते की आतले बुडबुडे तिला ताणूच शकत नाहीत, मग पॅनकेक बसका होतो आणि गार झाला की चामट लागतो.

म्हणून असं कर. कोरडं सगळं एका भांड्यात नीट मिसळ, ओलं सगळं दुसऱ्या भांड्यात फेट (इथे हवं तितकं फेट, इथे मैदा नाहीये), मग ओलं कोरड्यात ओत आणि मोठ्या चमच्याने किंवा स्पॅच्युलाने तळापासून वर असं दहा-बारा वेळा उलट. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढ. बॅटर खडबडीत दिसेल, वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहतील, राहू देत. दहा मिनिटं ठेवलं की त्या ओल्या होतात आणि उरलेल्या पॅनवर शिजताना विरतात. सुरुवातीला हे फार जड जातं कारण आपला हात गुठळी दिसली की मोडायला जातोच, तेवढा एक मोह आवरायचा.

प्रयोगवही
रविवार, दुपारी १:४०

बेकघर यांना पूर्ण अनुमोदन. पण सोड्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, मी रसायनशास्त्र शिकवतो.

रविवारसकाळ ताई, तुमच्या प्रमाणात नुसता सोडा वाढवू नका. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याला आंबट काहीतरी लागतं. आम्ल भेटलं की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुमच्या बॅटरमध्ये दही नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही. मग सोडा बराचसा तसाच राहतो, आणि पॅनकेकला साबणासारखी चव येते. रंगही लवकर गडद होतो, कारण मिश्रण अल्कधर्मी झालं की तांबूस होण्याची क्रिया वेगाने होते, म्हणजे बाहेरून झाल्यासारखा दिसतो आणि आत कच्चा.

बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतं, सोबत स्टार्च असतो जो दमटपणा शोषून दोघांना एकमेकांपासून लांब ठेवतो. हल्लीची बहुतेक डबल अॅक्टिंग असते, म्हणजे थोडा वायू भिजवल्यावर सुटतो आणि मोठा भाग उष्णता लागल्यावर. म्हणूनच बॅटर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तरी चालतं.

१ कप मैद्याला १ छोटा चमचा बेकिंग पावडर तशी किमान मात्रा आहे, दीड घ्या. आणि डबा उघडून किती दिवस झाले?

घाईत_असते
रविवार, दुपारी २:१५

अरे पण माझे तर छान होतात सोड्याने आणि साबणाची चव कधीच आली नाही! हां, मी दुधाऐवजी अर्ध दही अर्ध दूध घेते, ते सांगायचं राहिलं.

प्रयोगवही
रविवार, दुपारी २:२२

मग बरोबरच आहे तुमचं. अर्धा कप आंबटसर दही साधारण पाव छोटा चमचा सोडा पूर्ण वापरून टाकतं. तुमचा सोडा दह्यामुळे कामाला येतोय, त्यांच्याकडे त्याला जोडीदारच नाही.

रविवारसकाळ
रविवार, दुपारी ४:५०

बाप रे, इतकं सगळं! ब्लेंडरचं ऐकून धक्का बसला, मला वाटत होतं जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. बेकिंग पावडरचा डबा... आठ-नऊ महिने झाले असतील उघडून, झाकण नीट बसत नाही त्याचं. ती गेली हे कसं ओळखायचं?

प्रयोगवही
रविवार, संध्याकाळी ५:१०

अर्ध्या कप गरम पाण्यात एक छोटा चमचा टाका. जोरात फसफसली तर जिवंत आहे, नुसती ढवळल्यासारखी विरघळली तर फेकून द्या. सोडा तपासायचा असेल तर व्हिनेगरमध्ये टाकून बघा, गरम पाण्यात त्याचा नीट अंदाज येत नाही.

आणि एक विनंती. सगळं एकदम बदलू नका. एका रविवारी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. नाहीतर पॅनकेक चांगले झाले तरी कशामुळे झाले ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी बिघडले की परत पहिल्यापासून सुरुवात.

लोखंडी_पॅन
रविवार, रात्री ९:३०

सर्वांनी बॅटरबद्दल लिहिलंय, मी आचेबद्दल लिहितो कारण तुमचं ‘पहिला काळा, पुढचे आत ओले’ हे दुखणं आचेचं आहे. पस्तीस वर्षं एकाच बिडाच्या पॅनवर करतोय, घरातल्या तीन पिढ्यांना खाऊ घातलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पॅनकेकला पॅनचा पृष्ठभाग साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअस लागतो. तांबूस रंग आणि तो खमंग वास येतो मेलार्ड क्रियेने, ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते, म्हणजे पॅन अगदीच मंद असेल तर पॅनकेक फिका राहतो, तळाशी वाळत बसतो आणि वातड होतो. आणि फार गरम असेल तर खालचा भाग मिनिटभरात गडद होतो आणि उष्णता मध्यापर्यंत पोचायच्या आत तुम्ही घाबरून उलटता. मोठ्या आचेवर झटपट तापवलेल्या पॅनचं आणखी एक असतं, मध्य जळत असतो आणि कडा कोमट असतात. पहिला पॅनकेक ठिकठिकाणी काळा होतो त्यात याचा मोठा वाटा आहे.

तर पॅन मंद ते मध्यम आचेवर ठेवा आणि बॅटर मुरेपर्यंत तसाच तापू द्या. माझं बीड दहा मिनिटं घेतं, नॉनस्टिकला तीन-चार पुरतात. रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर ठेवत जाऊ नका, २६० अंशांच्या वर त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन तिथे फार लवकर पोचतो.

तापला का हे बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरून हळूहळू उकळत बसला तर अजून थांबा. चुर्र करून सेकंद-दोन सेकंदात उडाला तर चालू करा. आणि थेंब गोळी होऊन पॅनभर पळत सुटला तर जास्त तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. ती गोळी वाफेच्या गादीवर तरंगत असते, योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ साली हे लिहून ठेवलं, त्याच्याच नावाने ओळखतात. मला हे नाव फार उशिरा कळलं पण थेंब बघायची सवय आईची.

त्याहून खात्रीचं म्हणजे छोटा चमचाभर बॅटर मध्यभागी टाकून बघणे. मिनिटभरात खालून सोनेरी झालं तर आच बरोबर. पहिला पूर्ण पॅनकेक वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

बेकघर
रविवार, रात्री ९:५५

काका, काय सुंदर लिहिलंत. चमचाभर बॅटरची युक्ती मीही करते.

फक्त बटरबद्दल भर घालते. रविवारसकाळ, पॅनमध्ये बटर घालून वर बॅटर ओतत असशील तर ते ठिपके त्याचेही आहेत. बटरमध्ये पाणी असतं आणि दुधातले घनपदार्थ असतात, ते घनपदार्थ १५० अंशांच्या आसपासच करपायला लागतात. शिवाय चरबीची थारोळी जिथे साचतात तिथे पॅनकेक तळला जातो आणि जिथे नाहीत तिथे भाजला जातो, म्हणून नकाशासारखा रंग येतो. वास नसलेलं तेल अर्धा चमचा घाल आणि कागदी नॅपकिनने जवळजवळ पुसून काढ, नुसती चमक राहिली पाहिजे. बटरची चव बॅटरमध्ये आणि वरून.

तवंग
रविवार, रात्री १०:२०

मला मात्र बटरमध्ये केलेलेच आवडतात, कडा कुरकुरीत होतात, जाळीदार. सारखा रंग नसला तर नसला, प्रत्येकाची आवड. करपतं म्हणाल तर मी साजूक तूप घालते, त्यातले घनपदार्थ आधीच काढलेले असतात म्हणून ते करपत नाही, आणि वासही मस्त येतो.

बेकघर
रविवार, रात्री १०:२८

हो, कुरकुरीत कडा हव्या असतील तर तूप उत्तम. तिला सारखा रंग हवाय म्हणून पुसलेलं तेल म्हटलं.

अंड्याविना
सोमवार, सकाळी ८:०५

इथेच विचारते. आमच्याकडे अंडं चालत नाही. अंडं काढलं की माझे पॅनकेक उलटतानाच तुटतात. दुप्पट बेकिंग पावडर घालून पाहिली, कडवट लागले.

प्रयोगवही
सोमवार, सकाळी ९:१५

अंड्याची कामं दोन, शिजल्यावर घट्ट होऊन आकार धरणं आणि ओलावा देणं. फुगवायचं काम बऱ्याच अंशी पावडर करते, त्यामुळे ती दुप्पट केल्याने तुटणं थांबणार नाही, उलट बुडबुडे मोठे होऊन फुटतात आणि पॅनकेक बसतो.

हे करून पाहा: मैदा १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, साखर १ मोठा चमचा. दूध २०० मिली त्यात साधं पांढरं व्हिनेगर १ मोठा चमचा घालून पाच-दहा मिनिटं ठेवा, थोडं फाटल्यासारखं होईल, तसंच हवं. त्यात तेल २ मोठे चमचे. एक मोठा चमचा व्हिनेगर पाव छोट्या चमचा सोड्याला जवळजवळ बरोबर पुरतं, म्हणून ना आंबट लागतं ना साबणासारखं. आकार लहान ठेवा, तळहाताएवढा, म्हणजे उलटताना तुटणार नाहीत. आणि यात सोड्याचा वायू भिजवल्या भिजवल्या सुटतो, त्यामुळे बॅटर ठेवायचं नाही, पॅन आधी तापवा आणि मगच मिसळा.

जाता जाता एक. १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनज्ञाने बेकिंग पावडर बनवली ती बायकोला यीस्ट आणि अंडी सोसत नव्हती म्हणून. अंड्याविना कस्टर्ड त्याने त्याआधीच केलं होतं. तुमच्यासारख्याच एका स्वयंपाकघरातली अडचण होती ती, मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते.

अंड्याविना
सोमवार, सकाळी ९:४०

किती गोड! आणि खूप आभार सर, शनिवारी करून सांगते.

ढगासारखे
सोमवार, दुपारी ३:१०

मला कळत नाही अजून कोणी अंड्याच्या पांढऱ्याबद्दल का नाही लिहिलं. पांढरं वेगळं काढून घट्ट फेसायचं आणि शेवटी हलक्या हाताने मिसळायचं, याला पर्याय नाही. इतके हलके होतात की बेकिंग पावडरची गरजही वाटत नाही.

बेकघर
सोमवार, दुपारी ४:३०

होतात हलके, नाही म्हणत नाही. पण तो वेगळा पदार्थ आहे. जपानी सुफ्ले पॅनकेक त्यावरच उभे असतात आणि त्यांना झाकण, मंद आच, थोडी वाफ आणि भरपूर वेळ लागतो. साध्या पॅनकेकमध्ये फेस मिसळताना जास्त उलटावं लागतं, म्हणजे परत ग्लुटेन, आणि पॅनवरून काढल्यावर ते लगेच बसायला लागतात. जिला अजून साधा जमत नाहीये तिने आधी साधा पक्का करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

ढगासारखे
सोमवार, दुपारी ४:४१

मान्य. पण एकदा साधा जमला की करून बघा नक्की, रविवारसकाळ.

रविवारसकाळ
रविवार, दुपारी १२:२०

प्रयोगवही सरांनी सांगितलं तसं वही केलीय! आज फक्त एकच बदललं, ब्लेंडर वापरला नाही. दोन भांडी, स्पॅच्युला, बारा वेळा मोजून उलटलं आणि दहा मिनिटं ठेवलं. बाकी सगळं जुनंच, जुनी पावडर, मोठी आच, पॅनमध्ये बटर.

वातडपणा गेला. खरंच गेला, गार झाल्यावरही तोडता येत होते. फुगले मात्र नाहीत आणि पहिला अजून काळाच. पण एका गोष्टीने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. बेकघर, तुझे खूप खूप आभार.

संध्याकाळी पावडर गरम पाण्यात टाकून बघणार आहे.

रविवारसकाळ
रविवार, रात्री ८:१५

टाकली. काहीच झालं नाही. दोन-चार बुडबुडे, बस. चार महिने मी यावर पॅनकेक करत होते.

लोखंडी_पॅन
रविवार, रात्री ८:४०

वाईट वाटून घेऊ नका, निदान कळलं. नवीन आणाल तिच्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा, झाकण घट्ट आणि शेगडीपासून लांब, वाफ लागली की मरते ती. ओला चमचा तर कधीच नको.

पहिल्यांदाच
मंगळवार, रात्री ११:०५

नमस्कार, नवीन आहे इथे. वाचतोय सगळं. दोन शंका. एक, उलटायचं कधी ते नेमकं कसं ओळखायचं, बुडबुडे आले की उलटायचं असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण मी तसं केलं की वरचं ओलं बॅटर उडतं. दुसरं, मैद्याऐवजी कणीक घेतली तर?

लोखंडी_पॅन
बुधवार, सकाळी ७:२०

बुडबुडे आल्यावर नाही, बुडबुडे फुटून भोकं उघडीच राहिली की. सुरुवातीला बुडबुडा फुटतो आणि ओलं बॅटर वाहून ते भोक बुजतं, तेव्हा थांबायचं. मग एक वेळ येते की फुटलेलं भोक तसंच राहतं, कडेची अर्धा सेंटिमीटर पट्टी चकाकी सोडून कोरडी मॅट दिसते, तेव्हा उलथणं एका झटक्यात पूर्ण खाली घालायचं आणि मनगट फिरवून तिथल्या तिथेच उलटायचं, वर उडवायचं नाही. पहिल्या बाजूला साधारण दोन-तीन मिनिटं, दुसरीला त्याच्या निम्मी. आणि उलटल्यावर उलथण्याने दाबायचं नाही!! हे मी घरात प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण दाबतो. इतक्या कष्टाने आत धरलेली हवा एका दाबात जाते. उलटायचंही एकदाच.

बेकघर
बुधवार, सकाळी १०:००

कणकेबद्दल: चालते, पण सवय हवी. कोंड्यामुळे पाणी जास्त पितं, म्हणून द्रव दहा-पंधरा टक्के वाढव आणि बॅटर वीस मिनिटं तरी ठेव म्हणजे कोंडा मऊ होतो, नाहीतर दाताखाली रखरखतं. सुरुवातीला निम्मा मैदा निम्मी कणीक कर. पूर्ण कणकेचे मैद्याइतके उंच होत नाहीत, कोंड्याचे कण ती जाळी मधेमधे कापतात, पण चवीला मला तेच जास्त आवडतात.

आणि मैदा असो की कणीक, शक्य तर वजनाने घे. डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो आणि चमच्याने हलका भरला तर १२०-१२५. एवढ्या फरकाने बॅटर घट्ट की पातळ ते ठरतं. चमच्यातून जाड धारेने पडलं पाहिजे, पाण्यासारखं वाहता कामा नये आणि गोळ्यासारखं थबकनही पडता कामा नये.

घाईत_असते
बुधवार, सकाळी १०:३०

रात्रीच सगळं मिसळून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? सकाळी वेळच नसतो.

प्रयोगवही
बुधवार, दुपारी १२:४५

तुमच्या दही-सोड्याच्या बॅटरला नाही चालणार, रात्रभरात वायू निघून जाईल. बेकिंग पावडर आधीपासून घातलेलं बॅटरही सकाळी मंदावलेलं असतं. काही जण मैदा दूध रात्री भिजवून सकाळी वरून पावडर घालतात, पण ती सगळीकडे पसरायला परत ढवळावं लागतं आणि न पसरलेली जागा कडू लागते, मला ते पटत नाही. कोरडं मिश्रण बरणीत आणि ओलं मिश्रण बटर सोडून फ्रीजमध्ये, सकाळी एकत्र करायचं, दोन मिनिटांचं काम. बटर सकाळीच वितळवून घाला आणि दूध आधी थोडं कोमट करून घ्या, थंड दुधात वितळलेलं बटर पडलं की त्याचे रवाळ तुकडे होतात.

रात्रभर ठेवायचंच असेल तर यीस्टचे करा. ते रात्रभर फ्रीजमध्ये सावकाश फुगतात आणि चवही वेगळीच येते, जराशी आंबूस.

रविवारसकाळ
रविवार, दुपारी १:००

आजचा बदल: आच आणि तेल. पावडर नवीन आणलीय पण मुद्दाम उघडली नाही, एका वेळी एकच म्हणून, काकांचं आचेचं आणि बेकघरचं तेलाचं मात्र एकत्रच घेतलं.

मंद आचेवर पाच मिनिटं तापवला, थेंब टाकला तर पळाला! म्हणजे मी आजवर ‘चांगला तापवते’ म्हणत होते ते किती जास्त असेल. आच कमी केली, थांबले, चमचाभर बॅटर टाकून बघितलं, मिनिटात सोनेरी. पहिला पॅनकेक पहिल्यांदाच शेवटच्यासारखा झाला. सारखा रंग, एकही डाग नाही. आत ओलाही नाही. अजून बसके आहेत पण ते पावडरमुळे हे आता माहितीय.

पाचव्या-सहाव्यापर्यंत पॅन परत तापत जातो असं दिसलं, तेव्हा आच आणखी थोडी कमी करावी लागली. बरोबर आहे ना हे?

लोखंडी_पॅन
रविवार, दुपारी १:३५

अगदी बरोबर. आच एकदा लावून विसरायची नसते, रंग बघून सारखी हलवायची. हे तुमचं तुम्हाला दिसलं याचा मला फार आनंद झाला.

अंड्याविना
रविवार, दुपारी २:१०

सर, शनिवारी केले. एकही तुटला नाही!! सासूबाईंनी दोनदा मागून घेतले. एक गंमत झाली, अर्ध्या बॅटरमध्ये ब्लूबेरी मिसळल्या तर सगळं हिरवट निळं झालं, चव छान होती पण मुलं खाईनात. असं का?

प्रयोगवही
रविवार, दुपारी ३:००

ब्लूबेरीच्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात, ते आम्लात लालसर, आणि अल्कधर्मी मिश्रणात निळं-हिरवट होतं. सोड्याचं माप जरा जास्त पडलं असेल, सपाट चमचा घ्या. आणि फळं बॅटरमध्ये ढवळूच नका. पॅनकेक पॅनवर ओतल्यावर वरून सहा-सात पेरा, रस बॅटरभर पसरत नाही आणि प्रत्येकाला सारखी मिळतात. फ्रोझन असतील तर थेट फ्रीझरमधून.

मुलं असतील तर आणखी एक, कच्चं बॅटर चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी नाही, कच्च्या मैद्यातही ई. कोलायसारखे जंतू असू शकतात.

रविवारसकाळ
रविवार, सकाळी ११:४५

मंडळी!!

आज नवीन पावडर, दीड चमचा. मैदा वजन करून १२५ ग्रॅम, दूध १८० मिली केलं कारण आधीचं बॅटर पातळ वाटत होतं, मीठ चिमटीऐवजी पाव चमचा आणि साखर एकच मोठा चमचा. हो, एकापेक्षा जास्त बदललं, पण वहीत लिहिलंय.

बॅटर ठेवल्यावरच वर हवेने फुगलेलं दिसत होतं. मी ते परत ढवळलं नाही, पळीने कडेकडेने उचलून ओतलं. पॅनवर दीड-दोन मिनिटांत भोकं पडायला लागली, बुजली, परत पडली, आणि मग राहिली. काकांनी लिहिलेलं शब्द न् शब्द समोर घडत होतं. उलटल्यावर दुसऱ्या बाजूने जो वर आला ना, मी मुलाला हाक मारली बघायला. तो स्टूल घेऊन आला आणि शेवटचे चार त्यानेच उलटले, पहिला अर्धा दुमडला, तोच त्याने आधी खाल्ला.

ढगासारखे, पुढच्या महिन्यात पांढरं फेसून बघणार आहे, आता हिंमत आलीय.

आता शेवटची शंका. सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हटलं तर पहिले केलेले गार होतात, आणि एकावर एक रचून झाकले तर खालचे ओलसर होऊन चिकटतात.

बेकघर
रविवार, दुपारी १२:१०

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. वही जपून ठेव.

रचून झाकू नको, त्यांची वाफ त्यांनाच भिजवते. ओव्हन ९०-९५ अंशांवर चालू कर, आत जाळी ठेव, पॅनकेक एका थरात, एकावर एक नाही. अर्धा तास सहज चांगले राहतात. रचायचे ते ताटात वाढताना.

लोखंडी_पॅन
रविवार, दुपारी १२:३०

ओव्हन नसेल तर दोन पॅन चालवा, निम्म्या वेळात होतं. आणि मुलाला उलथणं त्याच्या हाताच्या मापाचं, रुंद आणि पातळ कडेचं घेऊन द्या.

घाईत_असते
रविवार, दुपारी १:०५

उरले तर जाळीवर पूर्ण गार करून मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेव, दोन महिने टिकतात. सकाळी थेट टोस्टरमध्ये टाकायचे, मायक्रोवेव्हमध्ये नको, परत वातड होतात. माझा आठवडा त्यावरच चालतो.

रविवारसकाळ
रविवार, दुपारी १:२०

उरले तर!! आज एकही नाही उरला. पुढच्या रविवारी दुप्पट करते, निम्मे फ्रीझरला.